आमची वाटचाल: आबांचा नकाशा

2018 ला गूगल मॅप्सचं फुकट चालणारं काम बंद झालं, 'एपीआय की (वापराची चावी) घ्या, कार्ड जोडा' सुरू झालं, तेव्हा आम्ही गिऱ्हाइकांना करून दिलेले सगळे नकाशे लीफलेट (वेबपेजवर नकाशा दाखवायची फुकट लायब्ररी) आणि ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) नेले. पुढची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते आबांच्या नकाशाचं.

आबा तासगावचे, द्राक्षाच्या औषधांचे वितरक, आमच्याकडं धड टेबलपण नव्हतं तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. त्यांना सांगली जिल्ह्याचे दहाही तालुके हवे होते, तालुका दाबला की तिथले डीलर आणि कुणाकडं काय शिल्लक ते दिसलं पाहिजे. दिलं करून. आणि ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर, दावण्या रोगावर फवारण्या जोरात चालू असताना, सेल्समनचे फोन सुरू झाले, वर नाव तासगाव आणि खाली पिना जतच्या! आमच्या ऑफिसात वायफायवर कितीही दाबा, सगळं बरोबर. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीनं आबांना कोटेशन दिलं, वर सांगितलं की या पोरांना हे जमायचं नाही. आबांच्या अकाउंटवाल्यानं आमचं बिल अडवलं, पगार उसने पैसे आणून केले. आबा मात्र त्या कंपनीला म्हणले, आधी माझी पोरं बघतील, मग बोलू.

शेवटी क्रोममध्ये नेटचा स्पीड मुद्दाम स्लो थ्रीजी केला आणि चोर सापडला. जतची फाईल मोठी, तासगावची लहान. माणूस चुकून जत दाबतो, लगेच तासगाव दाबतो, तासगावचा डेटा आधी येऊन बसतो आणि जतचा मागून येऊन त्याला पुसून टाकतो. मग प्रत्येक रिक्वेस्टला (सर्व्हरकडं डेटा मागायची विनंती) नंबर दिला, उत्तर आलं की नंबर शेवटचाच आहे का बघायचं, नसेल तर टाकून द्यायचं, शिवाय जुनी रिक्वेस्ट अबॉर्टकंट्रोलरनं (ब्राउझरमधली रिक्वेस्ट रद्द करायची सोय) मधेच तोडायची.

नवीन पोरांनो, अशा ठिकाणी सेटटाइमआउट (ठरावीक वेळानं काम करायला लावणारं फंक्शन) लावून अर्धा सेकंद थांबवू नका, तासगावात पुरेल, जतच्या पूर्व भागात रेंज गेली की नाही पुरणार. आणि जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा लिहायची पद्धत) रेखांश आधी, लीफलेटमध्ये अक्षांश आधी, हे भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर सांगली नॉर्वेच्या वर समुद्रात जाते.

पुढच्या सीझनला आबांनी सांगोला, पंढरपूरचे डीलरपण आमच्याकडंच दिले. त्या कंपनीनं मात्र "जमायचं नाही" हे बोलणं अजून मागं घेतलेलं नाही.