कासवाला रोज पालक दिला तर चालेल का?

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये कासव पाळणारे हे हमखास विचारतात. पालक बाजारात सहज मिळतो, कासव आवडीने खातं, मग घरी वेगळं काही लावायचं कशाला?

आधी एक गोष्ट. स्टार कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. पुढचं सगळं रीतसर नोंदणी केलेल्या सुलकाटासारख्या जमिनीवरच्या परदेशी कासवासाठी. पाण्यातल्या कासवाचा आहार वेगळा असतो.

पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पानातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम सतत कमी पडलं की वाढत्या पिल्लाचं कवच मऊ पडतं. माठ, घोळ, चुका यांचंही तेच.

सुलकाटा मुळात गवतखाऊ. ताटातला तीन चतुर्थांश भाग गवताचा हवा, आणि त्यासाठी आपली हरळी उत्तम. सहा इंच खोल क्रेटमध्ये हरळीच्या गाठी असलेले तुकडे रोवा. पाच-सहा तास ऊन लागतंच; सावलीत ती विरळ होते. चार क्रेट ठेवून आळीपाळीने कापा, दोन इंच बुंधा राखून. मुळापर्यंत खरवडलं तर परत फुटायला फार वेळ लागतो.

उरलेल्या भागासाठी जास्वंद आणि रताळ्याचा वेल. जून-जुलैत जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची काडी लावली की सहज रुजते. पुढे बारा इंची कुंडी पुरते. पानं आणि फुलं दोन्ही चालतात. रताळ्याच्या वेलाचा फूटभर तुकडा घेऊन तीन पेरं मातीत दाबा, साधारण सहा आठवड्यांनी शेंडे खुडायला मिळतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची पानं लगेच कधीच देऊ नका. मुळांतून शोषलेलं कीटकनाशक पानात बराच काळ राहतं. जुनी पानं काढून टाका, दोन-तीन महिने थांबा आणि नवी फूटच वापरा. सोसायटीच्या लॉनवरचं किंवा रस्त्याकडेचं गवतही याच कारणासाठी नको.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्याची. कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून तळाला भोकं मोठी ठेवा आणि मातीत एक तृतीयांश जाड वाळू मिसळा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार माखलेली फांदी छाटून टाका. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचा, हातमोजे घालून. त्यांच्यासाठी मिळणारे विषारी दाणे कासवालाही घातक आहेत.

पाला सकाळी काढा, धुवा, न चिरता द्या; फाडून खाताना चोच झिजते, आणि ती झिजायलाच हवी. रोजचा ढीग साधारण कवचाएवढा. सोबत काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस (कटलफिश या समुद्री जीवाचं पांढरं हाड) ठेवा, कॅल्शियमसाठी. आणि ऊन थेट द्या, अर्ध्या भागात सावली ठेवून. बंद काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण नसतात, आणि त्याशिवाय हे कॅल्शियमही वाया जातं.