नऊ मिलिमीटरची थाप

कोणी पाहुणे आले की टेबलावरचं मी बनवलेलं रेल्वेचं छोटं इंजिन बघून पहिला प्रश्न ठरलेला, चालतं का हे? दुसरा, केवढ्याला पडलं? आणि तिसरा खास बायकांचा, तुला बाई एवढा वेळ कसा मिळतो, आणि त्यातला सूर असा की जणू मी घरचं सगळं टाकून पत्ते कुटत बसते. तर चालतं. किंमत मी खरी सांगत नाही. आणि वेळ काढावा लागतो, रात्री सगळे झोपल्यावर नाहीतर मग पहाटे, आणि पहाटेच का ते पुढे सांगते.

भुसावळला राहून इंजिनाचं वेड लागणं यात तसं नवल काही नाही. इथे दोन घरं सोडून कोणीतरी रेल्वेत असतंच, गाडी लेट आहे हे स्टेशनवर अनाउन्स व्हायच्या आधी गल्लीत कळतं. पण माझं वेड जरा वेगळ्या मापाचं आहे. मी जे बनवते त्याला एन स्केल म्हणतात, एकास एकशेसाठ. म्हणजे वाफेचं डब्ल्यूपी इंजिन घ्या, तेच ते गोल निमुळत्या नाकाचं आणि नाकावर चांदणी रंगवलेलं, जे मेल-एक्सप्रेसला लागायचं, ते टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून साधारण २४ मीटर. माझ्याकडे ते १५ सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. पहिली डब्ल्यूपी १९४७ ला अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली, मग पुढे आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यातही बनली, सगळी मिळून ७५५. मालगाडीचं डब्ल्यूजी तर २४५० बनलं आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये बाहेर पडलं त्याचं नावच अंतिम सितारा. एवढी इंजिनं बनली देशात, पण एन स्केलमध्ये तयार विकत घ्यायला जा, युरोप-अमेरिका-जपानच्या इंजिनांचा ढीग लागलाय आणि आपलं म्हणून जवळपास काही नाही, म्हणून मग घरीच पितळ कापत बसायचं.

याहून लहानही असतं बरं का. जर्मनीच्या मेर्कलिनने १९७२ मध्ये झेड स्केल आणली, १:२२०, दोन रुळांमध्ये साडेसहा मिलिमीटर. जपान्यांची टी गेज तर १:४५०, तिथे रुळातलं अंतर तीन मिलिमीटर आणि डब्ल्यूपीचं मोठं चाक त्या मापात पावणेचार मिलिमीटर येईल, म्हणजे चाकाच्या जागी तूरडाळ बसवली तर डाळच मोठी दिसायची. मला चाळिशी लागलीये, मी एनच्या खाली उतरत नाही.

आता गंमत अशी की हे सगळं मापाचं काम आहे असं लोकांना वाटतं. कॅल्क्युलेटर घ्या, १६० ने भागा, कापा, जोडा. मलाही सुरुवातीला तेच आवडलं होतं, आकडे कसे स्वच्छ असतात. पण मापात सगळं बरोबर केलं की इंजिन खोटं दिसतं, आणि थोड्या थापा मारल्या की खरं दिसतं. कुठे थाप मारायची आणि किती, खरं काम ते आहे, कापाकापी काय कोणीही शिकेल.

पहिली थाप तर रुळापासूनच. एन स्केलचे रूळ जगभर ९ मिलिमीटरचे. ९ ला १६० ने गुणलं की १४४०, म्हणजे युरोप-अमेरिकेचं १४३५ चं स्टँडर्ड गेज जवळजवळ तंतोतंत. पण आपलं ब्रॉडगेज १६७६. ते १६० ने भागलं तर साडेदहा मिलिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे माझं डब्ल्यूपी ज्या रुळांवर उभं आहे ते खऱ्या मापात वीतभर अरुंद आहेत. काही लोक स्वतः साडेदहाचे रूळ बनवतात, स्लीपरपासून सगळं, त्यांना माझा नमस्कार. मी ९ वरच चालवते आणि वरची बॉडी ब्रॉडगेजच्या मापाची ठेवते, चाकं थोडी आत गेलेली दिसू नयेत म्हणून सिलिंडर आणि पायऱ्या अर्धा मिलिमीटर आत घेते. समोरून बघितलं तर कळतं. समोरून बघू देत नाही.

चाकाची कडा बघा. खऱ्या चाकाची ती रुळाच्या आत उतरणारी कडा साडेअठ्ठावीस मिलिमीटर. भागा १६० ने. ०.१८ मिलिमीटर. एवढ्या कडेवर गाडी चालवली तर धुळीच्या कणानेसुद्धा रुळावरून उतरेल, आणि आमच्याकडे धूळ म्हणजे काय ते खान्देशात मे महिना काढलेल्याला सांगायला नको, त्यात कपाशीचा सीझन असला की हवेत तंतू. म्हणून कडा मापापेक्षा तिप्पट ठेवावी लागते.

वजनाचं तर विचारूच नका. खरं डब्ल्यूपी टेंडरसकट सुमारे १७० टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १६० ने कमी झाल्या की वजन जवळजवळ ४१ लाख पटीने कमी होतं, म्हणजे हिशोबाने माझं इंजिन भरायला हवं चाळीस-बेचाळीस ग्रॅम. एवढ्याशा वजनात चाकं नुसती जागेवर फिरतात, वीज रुळातून चाकावाटे आत येते तिचाही नीट टच होत नाही, गाडी झटके खाते. मग बॉयलरमध्ये शिसं भरायचं. जिथे पाणी उकळायला पाहिजे तिथे शिसं. आणि मोटर कुठे, तर बऱ्याचदा टेंडरमध्ये, कारण इंजिनात जागाच नसते. म्हणजे प्रत्यक्षात टेंडर मागून ढकलतं आणि पुढे इंजिन चाकांचे रॉड हलवत सगळी गाडी आपणच ओढतोय असा आव आणतं. असे लोक ऑफिसात पण असतात.

पितळेच्या कामाला मला जळगावचा फार आधार आहे. सोन्याचं गाव ते, सराफ बाजाराच्या आसपास कारागिरांच्या हत्यारांची दुकानं आहेत, आणि सोनाराला जे लागतं तेच नेमकं मला लागतं, सुईसारख्या कानशी, केसासारखं ब्लेड लागणारी करवत, डोळ्याला लावायचं भिंग, टोकदार चिमटे, हातात धरून फिरवायचं बारीक ड्रिल. दुकानदाराला आधी वाटायचं मी दागिने बनवते. एकदा त्याला बॉयलरचा पत्रा दाखवला, त्याच्यावर मागून सुई दाबून रिव्हेटचे ठिपके काढले होते ओळीने, तर त्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, ताई ह्याची घडाई किती लावता. घडाई! मी म्हटलं दादा ह्याला गिऱ्हाईकच नाही. तर त्याला माझी दया आली आणि कानशीवर दहा टक्के कमी केले. हँडरेलला मात्र विकतचं काही लागत नाही, घरातली साधी फ्लेक्सिबल वायर सोलली की आतली एक तार ०.२ मिलिमीटरची निघते, ती दोन पकडींत धरून ताणली की सरळ होते आणि थोडी कडकही.

पण खरा जीव रंगात अडकतो. आधी जाडी. रंगाचे हात कितीही पातळ दिले तरी समजा सगळे मिळून ०.१ मिलिमीटर झाले, तर खऱ्या मापात ते १६ मिलिमीटर होतात, भिंतीला प्लास्टर केल्यासारखं सगळे रिव्हेट गायब. म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, आणि रंग दुधापेक्षाही पातळ. इथेच पहाट येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकालाच वाळतो, जो उडतो तो पत्र्यावर पोहोचेपर्यंत पावडर झालेला असतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलर लावावा तर दमट हवेत फेवीक्विकने चिकटवलेल्या जागेभोवती पांढरी बुरशी चढल्यासारखं होतं. पंखा लावला तर पार्ट उडतात आणि नाही लावला तर घाम टपकतो. म्हणून पहाटे पाच. पंखा बंद, कूलर बंद, दूधवाला यायच्या आत दोन हात मारून मोकळं व्हायचं.

आणि काळा रंग. वाफेचं इंजिन काळं, हे तर लहान पोरही सांगेल. पण बाटलीतला काळा रंग जसाच्या तसा मारा, इंजिनाच्या जागी एक भोक दिसतं, ना रिव्हेट दिसत ना दरवाजा ना पाइप. त्याचं कारण मला पटलेलं असं की आपण मॉडेल एका फुटावरून बघतो, म्हणजे खऱ्या मापात सुमारे ४८ मीटरवरून, आणि ४८ मीटरवरची कुठलीही काळी वस्तू आपल्याला काळी दिसतच नाही, मधे हवा असते, ऊन असतं, धूळ असते. तुम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी असलेली काळी म्हैस बघा. करडी दिसते. म्हणून काळ्यात राखाडी, थोडा तपकिरी, धुराड्याजवळ जास्त राखाडी कारण तिथे उष्णतेने रंग मरतो, आणि खाली चाकांकडे मातीचा रंग. माझ्याकडे काळ्याच्या पाच बाटल्या आहेत आणि एकीतही काळा नाही, यावर नवऱ्याने घरात बरेच विनोद केलेत.

बारीक रंगकामाला मी नेल आर्टचे ब्रश वापरते. ट्रिपल झिरो नंबरच्या ब्रशपेक्षा पातळ आणि निम्म्या किमतीत, आणि कटलरीच्या दुकानात कोणी का म्हणून विचारत नाही.

अक्षरांनी मात्र रडवलं. टेंडरवरची अक्षरं खरी फूटभर उंच धरली तर माझ्याकडे दोन मिलिमीटरही नाहीत. सेंट्रल रेल्वेचे इंग्रजी सी आणि आर तरी निभतात, देवनागरी छोटी केली की शिरोरेषा जाड होऊन अक्षराच्या पोटात शिरते आणि मध्य चा ध्य नुसता डाग होतो. शिवाय पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर येतच नाहीत, कारण प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो, कागदच पांढरा असतो. मग उलटं करायचं. पांढऱ्या डेकल कागदावर, भिजवला की छाप सुटते त्या, आजूबाजूचं काळं छापायचं, अक्षरं कोरी सोडायची, ते पाण्यात भिजवून टेंडरवर सरकवायचं आणि त्या काळ्या पट्टीच्या कडा टेंडरच्या काळ्यात, म्हणजे त्या पाच बाटल्यांतल्या नेमक्या बाटलीने, विरवायच्या. शिरोरेषा मी मुद्दाम निम्मी पातळ करते आणि ध्य चा कोपरा किंचित उघडा ठेवते. भिंगाखाली ते अक्षर चक्क चुकीचं आहे. एका फुटावरून मध्य वाचता येतं.

आमचे एक चुलत सासरे आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, ते जुन्या वाफेच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांना मी डब्ल्यूपी दाखवलं तेव्हा माझ्या मनात की आता रिव्हेटचं कौतुक होणार. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, इंजिन तळहातावर फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, हे काय लग्नाला निघालं का? इतलं चकाचक इंजिन आम्ही फक्त साहेब यायचा त्या दिवशी पाह्यलं." मग त्यांनी बोटाने दाखवलं, इथून पाणी ओघळतं, इथे वाफ गळते, आपल्याकडचं पाणी जड, त्याचे पांढरे ओघळ पडतात आणि ते पुसले तरी जात नाहीत, टेंडरवर कोळशाची धूळ, आणि रॉड मात्र तेलाने चमकत असतात कारण रॉडला तेल नाही दिलं तर इंजिन जागचं हलायचं नाही. रिव्हेटचा त्यांनी विषयच काढला नाही.

मग मी क्षाराचे ओघळ काढायला बसले. पांढऱ्यात थोडा पिवळट, खूप पातळ, ब्रश जवळजवळ कोरडा, वरून खाली एकच रेघ, आणि लगेच ओल्या ब्रशने तिची एक बाजू पुसून टाकायची म्हणजे ओघळ वाटतो, नाहीतर पट्टा वाटतो. मापात विचार केला तर माझी प्रत्येक रेघ हातभर रुंद आहे, असा ओघळ कुठल्याच इंजिनावर नसेल. आप्पांनी ते बघितलं आणि शांतपणे म्हणाले, वॉशर बदलायला झाला याचा.

भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर धावली, म्हणजे आज पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांनी असं इंजिन रोजच्या कामावर असताना पाहिलेलंच नाही. त्यांना खरं-खोटं कळणार कशावरून? आप्पांसारखे चार लोक आहेत तोवर परीक्षक आहेत, म्हणून मी घाई करतेय.

आता हातात आहे ते पीजेचं काम. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटरची आमची छोटी गाडी, शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जाणारी, वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, मग लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली ती थांबलीच, आता रुंदीकरण व्हायचंय. तिचं गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. सहज म्हणून मी ते एचओ नावाच्या मोठ्या स्केलच्या, म्हणजे १:८७ च्या, ८७ ने भागून बघितलं. आलं ८.७६. म्हणजे माझ्याकडे पडलेले तेच ९ मिलिमीटरचे रूळ, फक्त वरचं इंजिन एचओच्या मापाने थोडं मोठं करायचं, आणि गेज खऱ्या मापात फार तर दोन सेंटिमीटर चुकतं. ब्रॉडगेजला वीतभर खोटे ठरलेले रूळ पीजेला बसले! जगात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या डोंगरी गाड्यांसाठी लोक हीच जोडी वापरतात, आणि ती शेंदुर्णीला फिट्ट बसावी याचा मला झालेला आनंद मी घरात कोणाला समजावू शकले नाही. मुलगा म्हणाला, मग आता थापा कमी का? कमी कसल्या, ह्या मापात रिव्हेट आणखी स्पष्ट दिसतात, खिडकीतून कॅबच्या आतलं दिसतं, फायरमनच्या हातात फावडं द्यावं लागणार आणि त्याच्या बनियनचा रंग ठरवावा लागणार. आप्पा म्हणतात पांढरा तर अजिबात नाही. पितळेचा पत्रा संपलाय, रविवारी जळगावला चक्कर आहे, भरताची वांगीपण आणायची आहेत, कोणाला काही हवं असेल तर सांगा.