लेझर गाडीवर मारू नका रे पोरंहो

काल रात्री जागलीवर होतो. तुरीत रोही (नीलगायी) घुसतात म्हणून बाजूच्या वावरातल्या पोरानं जत्रेतून हिरवा लेझर आणलेला. रोही पळाले, तोवर ठीक होतं. मग त्यानं तो डांबरी रोडवरून येणाऱ्या एसटीवर धरला.

आपल्या हातात ती बारीक टिकली दिसते. पण लांब जाता जाता किरण पसरतो, अन् समोरच्या काचेवर धूळ-ओरखडे असले की अख्खी काच हिरवी होते. त्यात डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात तेज दिसतो. ड्रायव्हर भाऊंनी गाडी कशीबशी कडेला घेतली, खाली उतरून किती वेळ डोळे चोळत होते. पोराला रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाबू, मांगं लेकरंबाळं बसून आहेत ना!" माझेच हातपाय थरथरत होते.

ब्रिटननं यासाठी २०१८ मध्ये वेगळा कायदाच केला. विमान असो, रेल्वे असो की बस, चालवणाऱ्याचे डोळे दिपवले तर पाच वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेत विमानावर लेझर मारला तरी तेवढीच. आपल्याकडे मोठ्या शहरांत विमानतळाच्या आसपास पोलीस बंदीचे आदेश काढतात. खेड्यातल्या रोडचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला हे फार कमी वाटते.

सरपंच भाऊ, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. जत्रेतल्या दुकानदारांशी मी स्वतः बोलतो.