डिस्ने वर्ल्डची मोनोरेल: बसण्याआधी दिशा बघा

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आम्ही पाच दिवस होतो. सोबत एकाहत्तर वर्षांची आई आणि चार वर्षांची लेक. एकीच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत, दुसरीला दुपारी तीनच्या सुमारास झोप लागतेच. म्हणून मुक्काम पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये केला आणि तो निवडला फक्त मोनोरेलसाठी. महाग पडला, पण आईला एकदाही बसच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत, त्यामुळे मला तो खर्च अजिबात जड वाटला नाही.

मोनोरेलला तिकीट लागत नाही आणि तिथे मुक्काम असण्याचीही अट नाही. मार्ग तीन आहेत. एक्स्प्रेस मार्ग मोठ्या वाहनतळाशेजारच्या ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरहून थेट मॅजिक किंगडम या मुख्य पार्कला नेतो. रिसॉर्ट मार्गही मधल्या तळ्याभोवतीच फिरतो, पण वाटेतल्या तिन्ही हॉटेलांशी, म्हणजे पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन आणि कंटेम्पररीशी, थांबतो. हे दोन्ही 1971 पासूनचे, पार्क उघडलं तेव्हापासून. तिसरा एपकॉट या दुसऱ्या पार्कचा, 1982 चा. त्यासाठी टिकेट सेंटरला गाडी बदलावी लागते. तिथे जिन्याऐवजी लांब उतार आहेत, त्यामुळे आईला आणि बाबागाडीला काहीच अडचण आली नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. रिसॉर्ट मार्गावरची गाडी एकाच दिशेने फिरते: टिकेट सेंटर, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, मॅजिक किंगडम, कंटेम्पररी आणि परत टिकेट सेंटर. नकाशावर शेजारी दिसणारं स्टेशन त्यामुळे जाताना एक थांबा आणि येताना चार थांबे असू शकतं. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारी कंटेम्पररीत जेवलो. मॅजिक किंगडम समोरच दिसत होतं, म्हणून सवयीने मोनोरेलमध्ये बसलो. गाडी उलट्या बाजूने निघाली, तीन ठिकाणी थांबली, मध्ये पुढच्या गाडीसाठी थोडा वेळ उभीही राहिली. लेक मांडीवर झोपून गेली आणि पार्कच्या दारात पोचल्यावर तिला उठवावं लागलं. ती बराच वेळ रडत होती. कंटेम्पररीहून मॅजिक किंगडमला पायी जेमतेम दहा मिनिटं लागतात, रस्ता सपाट आहे. तिथून जायचं असेल तर चालतच जा.

ग्रँड फ्लोरिडियनचं बरोबर उलटं. तिथून मॅजिक किंगडम पुढचाच थांबा, पण परत येताना जवळजवळ पूर्ण फेरी. परतीला बोट घ्या, नाहीतर 2020 मध्ये झालेल्या पायवाटेने तळ्याकाठून चालत या. संध्याकाळी ती वाट फार सुंदर असते. पॉलिनेशियनहून एपकॉटला जायचं तर रिसॉर्ट मार्गाचा विचारच करू नका. टिकेट सेंटर पायी काही मिनिटांवर आहे, तिथून थेट एपकॉटच्या गाडीत बसा.

हा एपकॉटचा मार्ग मला सगळ्यात आवडला. आधी झाडी, मग गाडी पार्कच्या आतच शिरते, मोठं वळण घेते आणि एपकॉटचा 180 फूट उंच चंदेरी गोल अगदी जवळून दिसतो. उतरण्याआधीच कुठे काय आहे याचा अंदाज येतो. मात्र हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही बाकीची दोन पार्क मोनोरेलवर नाहीत. हॉलिवूड स्टुडिओजला एपकॉटहून स्कायलायनर ही तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांची सोय आहे, पण तिचं स्टेशन एपकॉटच्या मागच्या दाराशी आहे आणि मोनोरेल पुढच्या दाराशी थांबते. मधलं अंतर पार्कमधूनच चालायचं, म्हणजे एपकॉटचं तिकीट हवं. आईसोबत आम्ही ते टाळलं आणि बसने गेलो. ही बस आत शिरताना खाली झुकते आणि उताराची फळी टाकते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही.

कंटेम्पररीबद्दल थोडं जास्त लिहिते. गाडी या हॉटेलच्या पोटातून जाते. खिडकीबाहेर एकदम छत, बाल्कन्या आणि खाली जेवणारी माणसं दिसतात. मधोमध चित्रकार मेरी ब्लेअर यांचं 90 फूट उंच टाइल्सचं भित्तिचित्र आहे. त्यात एक बोकड पाच पायांचा आहे आणि तो मोनोरेलच्याच बाजूला आहे. आईने पहिल्या फेरीत तो पाहिला, बोटाने पाय मोजले आणि त्यानंतर प्रत्येक वेळी त्याच बाजूची जागा धरली.

गाडी सहा डब्यांची आहे आणि डबे आतून जोडलेले नाहीत. चढताना सगळे एकाच फाटकाशी उभे राहा, नाहीतर कुटुंब दोन डब्यांत विभागलं जातं. बाबागाडी मिटावी लागत नाही, पण बसमध्ये मिटावी लागते, म्हणून झोपलेलं मूल असेल तेव्हा मोनोरेलला पर्याय नाही. फलाटावर जाण्याआधी बॅगा तपासतात. सकाळी त्यासाठी पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

रात्री आतषबाजी संपली की एक्स्प्रेस मार्गाची रांग एकदम वाढते. वाहनतळाकडे जायचं असेल तर तेव्हा फेरीबोट बरी, एका खेपेत सहाशेच्या आसपास माणसं जातात. आम्ही मात्र घाई केली नाही. मॅजिक किंगडममधल्या मेन स्ट्रीटवरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. तिथे अर्धा तास रेंगाळलो आणि नंतर रिसॉर्ट मार्गाच्या फलाटावर गेलो, तेव्हा पूर्ण बाक रिकामा मिळाला. आई कंटेम्पररीच्या बाजूला बसली, लेक तिच्या मांडीवर.