आळ, जबाब आणि प्रेम

बडोद्याला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून (सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेली, आत काचेच्या फरश्या!) मी हल्ली रहस्यमय प्रेमकथाच आणते. नाहक आळ आलेली नायिका, संशयी तपास अधिकारी. आवडतात मला, त्यात लाजायचं काय?

पण वकिलाच्या घरात नांदल्यावर काही गोष्टी खटकतातच. नायक रात्री अकराला दारात उभा राहून ‘चला चौकीवर, अटक आहे’ म्हणतो. अहो, सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, शिवाय महिला पोलिसाने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची असते. मग ती रडत कबुली देते. पोलिसापुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हे वाचून दाखवलं की आमचे हे हसताना चहा सांडतात.

मला खरी गोडी वेगळ्याच जागी लागते. तो तिच्या जबाबातली वेळ पुन्हा पुन्हा ताडून बघतो, दूधवाल्याला गाठतो, आणि ती खरं बोलतेय हे कळल्यावर त्याला हायसं वाटतं. तिथेच गडी फसला! पुढची पावसातली मिठी नसती तरी चाललं असतं.

फक्त त्याने आधी तपास दुसऱ्याकडे सोपवावा, मग काय ते मनातलं सांगावं. हे मात्र ह्यांनाही पटलं.