तिथीची पाऊणपट आणि वर्गातला एकच लॅपटॉप

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात मी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्याकडे एक लॅपटॉप, भिंतीवर बसवलेला एक टीव्ही आणि माझा स्वतःचा मोबाईल एवढेच साधन आहे, आणि इंटरनेटची बरी रेंज हवी असेल तर गावातून वर सड्यावर, म्हणजे पठारावर, जावे लागते. ओळखीचे शिक्षक मला नेहमी विचारतात की वर्गासाठी चांगले ॲप कोणते. आजवर मला याचे नेमके उत्तर देता आलेले नाही, कारण वर्गात जे काही खरोखर उपयोगी पडले ते आधी गावातला एखादा प्रश्न हाती आला म्हणून पडले. त्यातला सर्वांत मोठा प्रश्न भरतीचा होता, म्हणून तो सविस्तर लिहिते.

आठवीतल्या एका मुलाच्या आजोबांनी जेटीवर सहज सांगितले, "बाई, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते." त्यांचे आयुष्य होडीवर गेले आहे आणि पाऊणकीचे पाढे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अशा वेळा त्यांनी न थांबता सांगितल्या. मुलांना हा नियम घरोघरी ऐकून माहीत होता. पण त्याला वर्गात जागा असू शकते, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉपवर लिब्रेऑफिस कॅल्क उघडले. तक्ते करायचे हे सॉफ्टवेअर मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि जुन्या यंत्रावरही फारसे अडखळत नाही. पहिल्या स्तंभात प्रतिपदा ते पौर्णिमा अशा १ ते १५ तिथी लिहिल्या आणि दुसऱ्या स्तंभात प्रत्येक तिथीला पाऊणने गुणले. येथे शिक्षकांसाठी दोन सूचना आहेत. पहिली अशी की गुणकाचा आकडा सूत्रात थेट लिहू नये. तो एका स्वतंत्र चौकटीत ठेवून सूत्रात त्या चौकटीच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावावे, म्हणजे सूत्र खाली ओढले तरी पत्ता हलत नाही आणि पुढे गुणक बदलला की सगळा तक्ता एका क्षणात बदलतो. दुसरी सूचना माझा एक तास वाया गेल्यावर मिळालेली आहे. आकडे देवनागरीत टाइप केले तर तक्ता त्यांना अनेकदा संख्या न मानता अक्षरे मानतो आणि गुणाकार होत नाही, म्हणून या कामापुरता इंग्रजी अंकांचा कळफलक वापरावा.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा सातवीतल्या एका मुलीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रतिपदेला, पाऊण! एरवी दररोज पंचेचाळीस मिनिटांनी सरकणारी भरती त्या एका दिवसात दीड तास कशी उडी मारते, हा तिचा प्रश्न होता. हा प्रश्न फळ्यावर आला नसता. पंधरा ओळी एकाखाली एक दिसल्या आणि त्यांचा आलेख टीव्हीवर सर्वांसमोर आला, म्हणून तो आला. जेटीवर जाऊन आम्ही पाहिले तेव्हा पाण्याने अशी कोणतीही उडी मारलेली नव्हती.

उत्तर शोधायला स्टेलॅरियम उपयोगी पडले. आकाशदर्शनाचे हे मोफत सॉफ्टवेअर एकदा लॅपटॉपवर घेतले की इंटरनेट लागत नाही. त्यात आपल्या गावाचे स्थान भरावे, वेळ संध्याकाळी सातची ठेवावी आणि एकेक दिवस पुढे जावे. चंद्र रोज पूर्वेकडे सरकलेला दिसतो. चंद्रावर टिचकी मारली की बाजूला येणाऱ्या माहितीत त्याचे सूर्यापासूनचे कोनीय अंतर असते. मुलांनी ते सलग काही दिवसांचे वहीत उतरवले तेव्हा फरक दररोज सुमारे १२ अंशांचा निघाला. चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, ही पंचांगातली व्याख्या मी त्यांना तेव्हाच सांगितली. भरती चंद्रामागोमाग येते, आणि चंद्र १२ अंश पुढे गेला की पुन्हा त्याच्यासमोर यायला पृथ्वीला तेवढेच जास्त फिरावे लागते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून १२ अंशांना ४८ मिनिटे लागतात, आणि १५ तिथींना ४८ मिनिटांनी गुणले तर बरोबर १२ तास होतात. गुणकाच्या चौकटीत ०.७५ ऐवजी ०.८ लिहिताच पौर्णिमेसमोर बारा आले, पुढच्या प्रतिपदेसमोर बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे आली आणि ती उडी नाहीशी झाली.

आजोबांचा नियम चुकीचा ठरला असे मुलांना वाटू नये, याची मी मुद्दाम काळजी घेतली. पाऊणपट तोंडी करता येते, ०.८ पट होडीवर उभे राहून करणे कठीण आहे, आणि होडी पाण्यात ढकलण्यासाठी तेवढी अचूकता पुरते. शिवाय प्रत्यक्ष पाणी ०.८ चा हिशेबही तंतोतंत पाळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरतीची वेळ रोज कमी सरकते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, अधिक सरकते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे मालवणची वेळ आणि मुंबईची वेळ एक नसते. खाडीच्या मुखाशी आणि आत वरच्या बाजूलाही ती वेगळी असते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे भरतीचे अंदाज संकेतस्थळावर मिळतात. सड्यावर गेले की मी महिन्याचे अंदाज मोबाईलवर उतरवून आणते आणि मुले ते तिसऱ्या स्तंभात भरतात.

चौथा स्तंभ मुलांच्या स्वतःच्या निरीक्षणांचा आहे. जेटीच्या एका खांबावर आम्ही रंगाने खुणा केल्या आणि मोबाईल एकाच जागी, एकाच कोनात धरून दर अर्ध्या तासाला खांबाचे छायाचित्र घेतले. छायाचित्रासोबत त्याची वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. मात्र दोन गोष्टींबाबत मी आग्रही आहे. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय एकही मूल जेटीवर जाणार नाही, आणि मुलांचे चेहरे असलेली छायाचित्रे माझ्या मोबाईलमधून कोणत्याही गटावर किंवा स्टेटसवर जाणार नाहीत. पालकांना दाखवायची असतील तर ती पालक सभेत टीव्हीवर दाखवता येतात.

रेंज नसलेल्या शाळांनी आठवड्याची तयारी एकाच बैठकीत करून ठेवणे सर्वांत सोयीचे पडते. शनिवारी शाळा सुटल्यावर मी सड्यावर बसून पुढच्या आठवड्याचे साहित्य उतरवून घेते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केले की त्या पाठाचे व्हिडिओ मिळतात. ते ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवता येतात आणि वर्गात रेंजशिवाय चालतात. विज्ञानातल्या संकल्पना संगणकावर हाताळून पाहता येतील अशा प्रतिकृतींचा, कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातील नव्या पद्धतीच्या प्रतिकृती एकेका फाइलच्या रूपात उतरवून कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडता येतात आणि त्यांतल्या अनेकांचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. विद्युत परिपथ आणि घनता या दोन मी दरवर्षी वापरते. होडी का तरंगते, हे आमच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पण लोखंडी नांगर का बुडतो आणि लोखंडी ट्रॉलर का बुडत नाही, हे घनतेच्या प्रतिकृतीनंतर ती स्वतः मांडू लागली.

किविक्स हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्याचे सॉफ्टवेअर अजून पुष्कळ शिक्षकांना माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यातून मराठी विकिपीडिया पूर्णपणे लॅपटॉपवर ठेवता येतो, आणि लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू करून आसपासचे मोबाईल ब्राउझरमधून तोच वाचू शकतात. त्यासाठी डेटा लागत नाही. लेखांचा दर्जा एकसारखा नाही, तेव्हा शिकवण्यापूर्वी लेख स्वतः वाचून घ्यावा.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावणे आजही सर्वांत भरवशाचे आहे. अनेक टीव्ही फॅट३२ याच पद्धतीचा पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून लांब व्हिडिओचे तुकडे करावेत. काही टीव्हींवर फाइलची देवनागरी नावे चौकोनांसारखी दिसतात, त्यामुळे नावाच्या सुरुवातीला क्रमांक द्यावा.

आता पावसाळ्याविषयी, कारण कोकणात उपकरणे वापरण्यापेक्षा टिकवणे अवघड आहे. आमच्या पहिल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर एका पावसाळ्यातच बुरशी चढली आणि चित्र कायमचे धूसर झाले. तेव्हापासून लॅपटॉप, केबल आणि पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, पुड्या महिन्यातून एकदा बदलतो आणि आठवडाभर सुट्टी असली तरी मध्ये एक दिवस जाऊन सर्व यंत्रे तासभर चालू करतो. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की टीव्हीची पिन आणि डिशची तार दोन्ही काढायची, हे काम प्रत्येक आठवड्याला एका विद्यार्थ्याकडे सोपवायचे मी पूर्वी ठरवले होते; विचार केल्यावर ते स्वतःकडेच घेतले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या काळात मोबाईल चार्ज करण्यासाठी लोक वाहनांच्या बॅटरीपाशी रांगा लावत होते, आणि शाळेच्या नोंदींची एक प्रत कागदावरही असावी हे मी तेव्हा शिकले.

टायपिंगबद्दलही थोडे लिहिते. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच टाइप कराव्यात, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर अक्षरे बिघडत नाहीत. जुन्या फाँटमधल्या पत्रिका असतील तर एकदा बसून बदलून घ्याव्यात. किनाऱ्यावरच्या शिक्षकाला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक टाइप करता आलाच पाहिजे: इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र' च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ऱ' मिळतो, त्यापुढे हलन्त आणि 'य' द्यावा.

भरतीचा तक्ता या वर्षीही चालू आहे. चार स्तंभ एकमेकांशेजारी आल्यावर आठवीतल्या एका मुलाने विचारले की एकाच दिवसातल्या दोन भरतींमध्ये पाणी खांबावरच्या एकाच खुणेपर्यंत का येत नाही. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असला की दोन भरतींची उंची असमान होते, हे स्टेलॅरियममध्ये चंद्राची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, पाहून तपासता येईल. त्यासाठी पाचवा स्तंभ आखून ठेवला आहे. दुसरी भरती रात्रीची असल्यामुळे तिची नोंद मुलाच्या आजोबांनी स्वतःहून अंगावर घेतली आहे. ते रात्री खांबावरची खूण पाहून ठेवतात आणि सकाळी नातवाजवळ निरोप देतात.