समोर समुद्र, नळाला पाणी नाही

खोलीचा दरवाजा लागेचना. आधी हाताने ढकलला, मग खांद्याने, पण प्लाय दमट हवेने असा फुगलेला की चौकटीत बसायलाच तयार नाही. खाली जाऊन सांगितलं तर तिथला केअरटेकर अगदी शांतपणे म्हणाला, "सर, बाहर से लात मारना पडता है." मी म्हटलं ते ठीक आहे, पण मी आत असेन तेव्हा? यावर त्याने खरंच थोडा विचार केला आणि म्हणाला, "मुझे फोन कर दीजिए, मैं मार दूंगा."

या खोलीचे मी दिवसाला साडेचार हजार मोजले होते. तीन रात्री. ॲडव्हान्स. फोटोत पांढऱ्या चादरी होत्या आणि खिडकीत निळा समुद्र होता. समुद्र खरा निघाला, एवढंच.

बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि बाबा असे दोघंच अंदमानला गेलो होतो. बाबांना सेल्युलर जेल बघायचं होतं, कित्येक वर्षांपासून. ते बघितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीत बाबा बराच वेळ नुसते उभे राहिले, मी बाहेर थांबलो, त्यावर जास्त लिहिणार नाही. पुढचे तीन दिवस हॅवलॉक हा माझा हट्ट. आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, पण बोलताना आम्हाला भेटलेले सगळे जुनीच नावं घेत होते. बोटीत एसी इतका होता की बाबांनी कानाला मफलर गुंडाळली. डिसेंबरात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, मफलर.

तर हॉटेल. बेटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, थेट वाळूवर, समुद्री महुआची प्रचंड झाडं पाण्याच्या दिशेने आडवी वाकलेली, त्यांच्यामागे नारळ आणि नारळांमागे आमची दोन मजली इमारत, जिला शेवटचा रंग कधी लागला हे विचारायची सोय नव्हती. एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी गंजून हाताला तुकडे येत होते. समुद्राला एवढं खेटून लोखंड टिकत नाही हे मान्य, पण मग फोटो तरी बदला ना राव. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ फिरवला की नुसता खोकायचा. गार पाण्याच्या नळातून करंगळीएवढी धार, तीही मचूळ, साबणाला फेस नाही. आणि टॉवेल रॉडच्या जागी दोन भोकं.

मी फणफणत बाहेर आलो. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. म्हटलं, बाबा, आपण दुसरं हॉटेल बघूया, ही काय खोली आहे? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा कोठडी बघितलीस ना? साडेतेरा बाय साडेसात फूट. त्या मानाने मोठी आहे."

आता यावर काय बोलणार? पुढचे तीन दिवस हेच. मी काहीही तक्रार केली की साडेतेरा बाय साडेसात. पंखा आवाज करतोय? साडेतेरा बाय साडेसात. खरं सांगतो, मला हॉटेलचा राग आला त्यापेक्षा जास्त राग बाबांचा आला. आपण भांडायला बाह्या सरसावाव्यात आणि आपल्याच पार्टीतल्या माणसाने मजेत पाय पसरून बसावं, ह्याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

पहिल्या संध्याकाळी राधानगर बीचला गेलो. टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम बीच म्हणून निवडलेला तोच. सुंदर आहेच, वादच नाही, पण सूर्यास्ताला अख्खं बेट तिथे लोटलेलं आणि प्रत्येक जण सूर्य चिमटीत पकडत होता. पाचच्या सुमारास सूर्य बुडाला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि अंदमान त्र्याण्णवच्या आसपास, त्यामुळे सगळंच लवकर. सहाला मिट्ट काळोख, सातला लाइट गेले, मग लांब कुठेतरी जनरेटर घरघरायला लागला आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात भात आणि माशाचं कालवण जेवलो. कालवण फर्स्ट क्लास होतं, हे नाइलाजाने कबूल करतो.

त्या रात्री दरवाजाला लाथ मारून घ्यायला बाबांनी नकार दिला. म्हणाले, उघडा राहू दे, वारा येतो. मी आतून बॅग लावली. पहाटे जाग आली तर बॅग बाजूला आणि बाबा गायब! धावत बाहेर आलो. बाहेर मोकळ्यावर सिमेंटची टाकी होती, तिच्यापाशी लाल बादली घेऊन बाबा आंघोळ करत होते, अंगावर फक्त पंचा, समोर पाणी अगदी महुआच्या मुळांना लागलेलं आणि सूर्य नुकताच वर आलेला. केअरटेकर त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत होता. आणि दोघं गप्पा मारत होते! बाबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं, त्याचं हिंदी बंगाली वळणाचं, पण चाललं होतं व्यवस्थित. त्याचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले, सरकारने निर्वासितांना इथे जमिनी दिल्या तेव्हा जंगल तोडून शेत केलेलं. हे मला बाबांनी नंतर सांगितलं. मी आदल्या दिवशी त्या माणसाशी चार वेळा बोललो होतो, चारही वेळा नळाबद्दल.

बाबांचं लहानपण गुहागरच्या बाजूला गेलं. त्यामुळे पाण्याकडे बघून ते मला म्हणाले, "आज द्वादशी. बारा तिथीची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला पूर्ण भरती." कोकणातला हा हिशोब मी लहानपणापासून ऐकतोय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आम्ही चहा घेऊन बसलो. आठ वाजताच पाणी उतरायला लागलं. बाबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. मग म्हणाले तिथी चुकली असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच, आदल्या दिवसापेक्षा पाऊणेक तास उशिरा आली भरती, म्हणजे चाल बरोबर होती, पण एकूण हिशोब तेवढाच चुकत होता. प्रत्येक किनाऱ्याचं भरतीचं घड्याळ वेगळं असतं, तळाचा उतार, खोली, बेटांची आडवणूक, सगळ्याने वेळ सरकते, हे मी त्यांना मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. त्यांना ते पटलं, पण आवडलं नाही. खिशातल्या डायरीत ते वेळा लिहीत राहिले.

आणि ओहोटी म्हणजे काय ते तर सांगायलाच नको. दुपारी समुद्र लांबवर निघून जायचा आणि मागे प्रवाळाचे काळे धारदार खडक, डबकी आणि शेकडो शंखातले खेकडे. पोहायचं नाव नको. सी-व्ह्यू रूम घेतली आणि दिवसातला अर्धा वेळ सी रजेवर! मी हे तावातावाने केअरटेकरला सांगितलं आणि सांगताना माझं मलाच ऐकू आलं की मी एका माणसाकडे ओहोटीची तक्रार करतोय. त्याने मात्र गंभीरपणे मान हलवली.

त्या दुपारी पहिल्यांदा मी चप्पल घालून बाबांबरोबर त्या खडकांत फिरलो. दोन तास. एका डबक्यात बाबा इतका वेळ वाकून बसले की मला वाटलं कंबर धरली. परत आलो तर खोलीच्या भिंतीवर हिरवीगार पाल, पोपटी म्हणावी अशी, भर दिवसा. घरी पाल दिसली की झाडू घेणारे बाबा तिला बघायला माझा चष्मा मागून घेतात.

तिसरा दिवस नुसता बसण्यात गेला.

निघताना केअरटेकरने रजिस्टर पुढे केलं, शेवटी शेऱ्याचा रकाना. मी पेन हातात घेऊन मनात वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात बाबांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "जागा उत्तम. भरती तिथीच्या हिशोबाने येत नाही. नळ बघावा."

केअरटेकरने रजिस्टर फिरवून बघितलं. "क्या लिखा, दादा?"

"नल का लिखा है," बाबा म्हणाले.

"वो तो सब लिखते हैं," तो म्हणाला, आणि आमच्या बॅगा उचलून रिक्षाकडे निघाला.